बरे झालेल्या रुग्णाच्या त्वचेत लपलेला काळा आजार : सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

कोलकाता, ५ फेब्रुवारी : काळ्या आजारावरील 'युरिया स्टिबामीन' या औषधाचे जनक म्हणून सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे नाव भारतीय वैद्यकाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. दरवर्षी या सुमारास त्यांचे स्मरण होते ते बहुतांशी त्या औषधामुळेच. मात्र ज्या वर्षी त्या औषधाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी, किंबहुना त्याच्या काही महिने आधी, त्यांनी आणखी एक निरीक्षण जगापुढे ठेवले होते. काळ्या आजारातून बऱ्या झालेल्या माणसांच्या त्वचेत रोगाचे परोपजीवी जिवंत असतात, हे ते निरीक्षण. औषधाचा गौरव झाला. हा दुसरा शोध डॉक्टरांच्या वर्तुळापलीकडे फारसा पोहोचला नाही. काळ्या आजाराच्या निर्मूलनाची चर्चा आज जिथे जिथे होते, तिथे मात्र याच दुसऱ्या शोधाकडे परतावे लागते.

ब्रह्मचारी कुटुंब मूळचे बंगालमधील बर्दवान जिल्ह्यातले. पूर्वस्थळीजवळचे सरडांगा हे त्यांचे गाव. उपेंद्रनाथांचा जन्म १८७३ मधला. त्यापूर्वीच्या दशकात याच जिल्ह्यातील गावेच्या गावे एका जीवघेण्या तापाने ओस पाडली होती. 'बर्दवानचा ताप' या नावाने तो ओळखला जाई. तो हिवताप होता, काळा आजार होता की दोहोंची सरमिसळ होती, यावर पुढे बराच खल झाला आणि खुद्द उपेंद्रनाथांनीही त्यावर लेखन केले. वडील नीलमणी ब्रह्मचारी हे ईस्ट इंडियन रेल्वेच्या सेवेत बिहारमधील जमालपूर येथे डॉक्टर होते. रेल्वेच्या त्या वसाहतीतच मुलाचे बालपण आणि शालेय शिक्षण झाले.

हुगळीच्या महाविद्यालयात त्यांनी गणित आणि रसायनशास्त्र हे विषय घेतले व १८९३ मध्ये पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. गणित आणि रसायन शिकलेला हा तरुण त्यानंतर वैद्यकाकडे वळला. १९०० मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या वैद्यकीय पदवी परीक्षेत औषधशास्त्र आणि शल्यशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. १९०२ मध्ये एम. डी. आणि १९०४ मध्ये रक्तपेशींच्या विघटनावरील प्रबंधासाठी पीएच. डी. ही पदवी त्यांना मिळाली. त्या काळी असा दुहेरी अभ्यास क्वचितच कोणी करीत असे. पुढच्या आयुष्यात या दोन विद्या त्यांच्या हाती एकमेकींना पूरक ठरल्या.

प्रांतिक वैद्यकीय सेवेत रुजू झाल्यावर काही वर्षे त्यांनी ढाक्याच्या वैद्यकीय शाळेत अध्यापन केले. १९०५ मध्ये ते कोलकात्याच्या सियालदह भागातील कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत आले. आजचे नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय ते हेच. जवळजवळ अठरा वर्षे ते येथे शिक्षक आणि चिकित्सक होते. त्यांच्या आयुष्यातले सगळे महत्त्वाचे काम याच काळात आणि याच इमारतीत झाले. संशोधनासाठी त्यांना मिळालेली खोली लहान होती. तिथे गॅस नव्हता, पाण्याचा नळ नव्हता, विजेचा दिवाही नव्हता. रात्री कंदिलाच्या धुरकट उजेडात काम चाले. दिवसभर वॉर्डातले रुग्ण, संध्याकाळनंतर परीक्षानळ्या, असा त्यांचा शिरस्ता होता.

त्या काळी काळा आजार म्हणजे मृत्यूची चाहूल असे. ताप महिनोन्महिने उतरत नसे. पानथरी सुजून पोट पुढे येई, हातपाय काड्यांसारखे होत आणि कातडी काळवंडत जाई. या काळवंडण्यावरूनच आजाराला नाव पडले. उपचार न झालेल्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक रुग्ण दगावत. आसाम आणि बंगालमधील चहाच्या मळ्यांत आणि नदीकाठच्या गावांत त्याच्या साथी वर्षानुवर्षे रेंगाळत. रोगाचे कारण १९०३ मध्ये उलगडले. डमडम येथे आजारी पडलेल्या एका सैनिकाच्या पानथरीत विल्यम लेशमन यांना काही सूक्ष्म गोलाकार कण दिसले होते. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तसेच कण आढळले. हा परोपजीवी आजही या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

हे कण ओळखणे ही डोळ्यांची कसोटी असते. पानथरीत सुई घालून काढलेला थेंब काचपट्टीवर पसरवायचा, वाळवायचा आणि रंगद्रव्याने रंगवायचा. मग तेलाचा थेंब लावलेल्या शक्तिशाली भिंगाखाली शांतपणे शोध घ्यायचा. परोपजीवी रक्तातील तांबड्या पेशीच्या निम्म्याहूनही लहान असतो आणि मोठ्या भक्षक पेशींच्या पोटात दाटीने बसलेला असतो. फिकट निळसर देहात एक मोठे जांभळट केंद्रक आणि त्याशेजारी आडवी पडलेली एक बारीक काडी दिसते. ही काडी दिसल्याशिवाय अनुभवी तपासनीस निदानावर सही करीत नाही. रंगाचा कण, रक्तातील बिंबिका किंवा तुटलेल्या पेशीचा अवशेष नवख्याला सहज फसवू शकतो.

औषधांच्या बाबतीत तोवर हाती होते ते अँटिमनीचे क्षार. १९१५ च्या सुमारास इटलीत आणि कोलकात्यात टार्टार एमेटिक हे औषध शिरेतून देण्यास सुरुवात झाली आणि अनेक रुग्ण वाचू लागले. परंतु हा उपचार महिनोन्महिने चाले. सुई टोचल्यावर खोकला आणि वांत्या होत, हृदयावरही ताण येई. उपचार अर्धवट सोडून निघून जाणाऱ्यांची संख्या मोठी होती. उपेंद्रनाथांमधल्या रसायनतज्ज्ञाने येथे वेगळा मार्ग धरला. अँटिमनीचे कमी विषारी आणि अधिक परिणामकारक सेंद्रिय संयुग मिळावे, म्हणून त्यांनी एकामागून एक संयुगे तयार करून पाहिली. १९२० च्या सुमारास युरियाच्या संयोगाने सिद्ध झालेले एक संयुग आशादायक ठरले. एके रात्री दहाच्या सुमारास, धुराने भरलेल्या त्या खोलीत, आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आल्याचे त्यांना दिसले. हे औषध म्हणजे युरिया स्टिबामीन. रुग्ण महिन्यांऐवजी काही आठवड्यांत बरे होऊ लागले. ऑक्टोबर १९२२ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध झाला.

शोध लागल्याने औषध लगेच घरोघरी पोहोचते असे नाही. बंगाली बालसाहित्याचे लाडके लेखक सुकुमार राय यांचा १० सप्टेंबर १९२३ रोजी कोलकात्यातच काळ्या आजाराने मृत्यू झाला. ते अवघे पस्तीस वर्षांचे होते. त्यांचा मुलगा सत्यजित तेव्हा दोन वर्षांचा होता.

आता त्या दुसऱ्या शोधाकडे वळू. एप्रिल १९२२ मध्ये, म्हणजे औषधाचा निबंध येण्यापूर्वी, कोलकात्यातून निघणाऱ्या 'इंडियन मेडिकल गॅझेट' या मासिकात उपेंद्रनाथांचा एक लेख छापून आला. अँटिमनीच्या जुन्या क्षारांनी काळ्या आजारातून बरे झालेले काही जण नंतर त्यांच्याकडे पुन्हा आले होते. त्यांना ताप नव्हता, पानथरी वाढलेली नव्हती, भूक चांगली लागत होती. तक्रार होती ती फक्त त्वचेची. अशा रुग्णांच्या अंगावर फिकट चट्टे उमटत, तर चेहऱ्यावर, विशेषतः नाक, ओठ आणि हनुवटीभोवती, गुळगुळीत गाठी येत. या गाठी दुखत नसत, खाजत नसत, फुटतही नसत. एखादा डॉक्टर त्या पाहून कुष्ठरोग म्हणे, कोणी चट्ट्यांना कोड ठरवी, कोणाला गाठी त्वचेतील अर्बुदासारख्या वाटत.

अशा गाठीचा अंश उपेंद्रनाथांनी काचपट्टीवर घेऊन रंगवला आणि भिंगाखाली पाहिला, तेव्हा पानथरीत सापडणारे तेच सूक्ष्म कण त्वचेत दिसले. हे आश्चर्यकारक होते. त्वचेतील या जातीच्या परोपजीवीची ओळख कोलकात्याला नवी नव्हती. १८८५ मध्ये डेव्हिड कनिंगहॅम यांनी 'दिल्लीच्या फोडा'च्या ऊतीत असे कण येथेच पाहिले होते, जरी त्यांचा खरा स्वभाव त्यांना उमगला नव्हता. परंतु तो फोड वायव्येकडच्या कोरड्या मुलखातला, उघडी जखम करणारा. बंगालच्या दमट हवेत तो होत नसे. इथे तर जखमही नव्हती. होता फक्त पूर्वी होऊन गेलेला आणि संपला असे मानलेला काळा आजार. उपेंद्रनाथांनी या अवस्थेला 'डर्मल लेशमनॉइड' असे नाव दिले. १९२७ मध्ये कोलकात्याच्याच अ‍ॅक्टन आणि नेपियर यांनी तिला काळ्या आजारानंतरचा त्वचारोग या अर्थाचे नाव दिले आणि पुढे जगभर तेच रूढ झाले. वैद्यकाच्या अनेक पुस्तकांत मात्र ब्रह्मचारींचे नाव आजही या रोगाशी जोडलेले आढळते.

स्वतःच्या औषधाची घोषणा करण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या संशोधकाला हे निरीक्षण सोयीचे होते असे म्हणता येणार नाही. रुग्ण बरा झाला हे विधान पानथरीपुरते खरे आणि त्वचेपुरते खोटे असू शकते, असा त्याचा अर्थ होता. ते त्यांनी दडवले नाही, लांबणीवरही टाकले नाही.

निदानातील चूक येथे फार महागात पडते. काळ्या आजारातून उठलेल्या माणसाला कुष्ठरोगी ठरवले, तर त्या काळी गाव त्याला वाळीत टाकी. लग्न मोडे, मजुरी जाई, शिवाय उपचारही चुकीचाच होई. उलट बाजूचा धोका सार्वजनिक आहे. हा रोग वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी १९२४ मध्ये या माशीच्या शरीरात परोपजीवी वाढताना दाखवले आणि १९४२ मध्ये माणसाला लागण होते याचा पुरावा मिळाला. त्वचेत परोपजीवी घेऊन हिंडणारा धडधाकट माणूस ठणठणीत असल्याने दवाखान्याकडे फिरकत नाही. अशा माणसाला चावलेली माशी रोग पुढे नेऊ शकते. दोन साथींच्या मधल्या शांत वर्षांत आजार कुठे दडून राहतो, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या गाठींमध्ये आहे.

म्हणूनच हा शोध एकट्या संशोधकापाशी ठेवून चालणारा नव्हता. तो जिल्ह्या-जिल्ह्यांतील डॉक्टरांच्या डोळ्यांत उतरावा लागणार होता. त्यासाठी कोलकात्यात परिस्थिती अनुकूल होती. लिओनार्ड रॉजर्स यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत १९२० च्या सुमारास अध्यापन सुरू झाले. पदवी घेऊन नोकरीत असलेले डॉक्टर वेगवेगळ्या प्रांतांतून येथे येत आणि पुन्हा विद्यार्थी होऊन सूक्ष्मदर्शकापुढे बसत. त्वचेला बारीक चीर देऊन रस कसा घ्यायचा, कुष्ठरोगाचे जंतू शोधताना आम्लाने न विरणारा रंग का वापरायचा आणि परोपजीवी शोधताना लेशमन यांचा रंग का घ्यायचा, असे हे हाताने शिकायचे शिक्षण होते. त्वचेचा तुकडा मेणात बसवून त्याचे पातळ काप केले, तर दोन्ही रोगांत त्वचेच्या आतल्या थरात पेशींची दाटी दिसते. नवखा येथेच गोंधळतो. कुष्ठरोगात नसा ग्रासलेल्या असतात आणि चट्टा बधिर होतो. या रोगात संवेदना शाबूत राहते. गाठीत परोपजीवी सहज सापडतात, पण फिकट चट्ट्यात अनुभवी डोळ्यालाही ते तासभर शोधून सापडतीलच असे नाही. पुढे मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोग आणि कर्करोग यांच्या ऊतींवर जे काम केले, ते याच शिस्तीतले होते.

उपेंद्रनाथ त्या संस्थेच्या सेवेत नव्हते आणि तेथील काही इंग्रज संशोधकांशी औषधाच्या गुणावगुणांवरून त्यांचे खटकेही उडाले. त्यांनी स्वतःचा मार्ग काढला. १९२४ मध्ये कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील आपल्या निवासस्थानी त्यांनी ब्रह्मचारी संशोधन संस्था सुरू केली. युरिया स्टिबामीनचे उत्पादन आणि संशोधन दोन्ही तेथे चाले. १९२७ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, ते उष्णकटिबंधीय रोगांचे प्राध्यापक झाले. १९२८ मध्ये काळ्या आजारावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९३४ मध्ये 'सर' हा किताब आला. १९३६ मध्ये इंदूरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते, पण पारितोषिक मिळाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही त्यांच्या वाट्याला आले नाही. आसामात ज्या औषधाने असंख्य घरे उजाड होण्यापासून वाचली, त्याच्या जनकाला हा नकार मिळावा, याची खंत बंगालमध्ये आजही व्यक्त होते आणि ती अवाजवी म्हणता येत नाही. अखेरच्या वर्षांत रेडक्रॉसच्या कामात आणि कोलकात्यातील रक्तपेढीच्या उभारणीत त्यांनी लक्ष घातले.

युरिया स्टिबामीन आता वापरात नाही. त्याची जागा नव्या औषधांनी घेतली आहे. काळ्या आजाराचे रुग्ण बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातील काही भागांपुरते उरले असून त्यांची संख्या पूर्वीच्या तुलनेत फारच घटली आहे. त्वचेचा रोग मात्र उपचारानंतर काही महिन्यांनी, तर कधी कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. त्यामुळे या भागांतील आरोग्य कर्मचारी घरोघरी जाताना अंगावर फिकट चट्टे किंवा चेहऱ्यावर गाठी असलेल्या माणसाला आधी चट्टा बधिर आहे का हे तपासून पाहतात, आणि मग पूर्वी कधी काळा आजार झाला होता का, असे विचारतात. उत्तर होकारार्थी आले, तर त्वचेतील रसाची काचपट्टी तयार होऊन तपासणीला जाते आणि भिंगाखाली त्या बारीक काडीचा शोध सुरू होतो.