मुसीचा पूर आवरणारे विश्वेश्वरय्या

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्यात बेंबळा नदीवर मातीचे धरण आहे. असे धरण पाहिले म्हणजे नवल वाटते. पायाखालची साधी माती थरावर थर घालून दाबावी, पाण्याच्या बाजूस दगडांचे अस्तर लावावे आणि एवढ्या जलाशयाचा भार तिने निमूटपणे पेलावा, ही गोष्ट लहानसहान नव्हे. मात्र मातीच्या बांधाला एक मोठा शत्रू आहे. तो म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. पाणी एकदा माथा ओलांडून पलीकडे पडू लागले, की मागच्या उतारावरील माती धुपते, तिला घळ पडते आणि पाहता पाहता सारा बांध वाहून जातो. म्हणून प्रत्येक बांधाला सांडवा हवा आणि तो मोठ्यात मोठ्या पुराला पुरेल एवढा रुंद हवा. हा साधा नियम सांभाळला गेला नाही, म्हणजे एखाद्या नगरावर केवढा अनर्थ ओढवतो, हे ज्यांनी शोधून काढले आणि त्यावर उपायही योजला, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे हे चरित्र आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म पूर्वीच्या म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबर १८६१ रोजी झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पण धन नव्हते. त्यातच लहानपणी पितृछत्र हरपले. बंगळूर येथे शिकत असताना विश्वेश्वरय्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून आपला खर्च भागविला आणि १८८१ साली ते बी. ए. झाले. त्यांची हुशारी पाहून म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली. ती घेऊन ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले. १८८३ साली स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांना नोकरी मिळाली. नाशिक, धुळे, सुरत, पुणे अशा ठिकाणी त्यांची सेवा झाली. पाण्याशी त्यांचा जो संबंध या काळात जुळला, तो पुढे कधीच तुटला नाही.

पुण्याजवळच्या खडकवासला तलावावर त्यांनी केलेले काम फार प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात या तलावाच्या सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासे. धरणाची उंची वाढवावी, तर जुन्या भिंतीवर अधिक भार पडणार. विश्वेश्वरय्यांनी विचार करून सांडव्यावर आपोआप उघडणारे आणि मिटणारे दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले, की दरवाजे आपण होऊन उघडत आणि जादा पाणी निघून जाई. पाणी उतरले, की ते पुन्हा मिटत. रात्री-अपरात्री पूर आला तरी कोणी धावत जाऊन दरवाजे उघडण्याची गरज उरली नाही. या युक्तीने मूळची भिंत न उचलता तलावात सुमारे ८ फूट अधिक पाणी साठू लागले. साठविणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टींचा मेळ घालणे हेच धरणाचे खरे शास्त्र होय, हे त्यांनी येथे दाखवून दिले.

१९०८ साली मुंबई सरकारची नोकरी सोडून ते परदेशच्या प्रवासास निघाले. ते युरोपात असताना हैदराबादच्या निजाम सरकारने त्यांना बोलाविले. आपला मराठवाडा त्या काळी याच संस्थानात होता. त्याच्या राजधानीवर फार मोठे संकट कोसळले होते.

हैदराबाद शहराच्या मधून मुसी नदी वाहते. एरव्ही ती नदी लहानशीच. परंतु सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस तिच्या खोऱ्यात असाधारण पाऊस झाला. शमशाबाद येथे २४ तासांत सुमारे १३ इंच आणि ४८ तासांत सुमारे १९ इंच पाऊस पडला. २८ सप्टेंबर रोजी मुसीने रौद्र रूप धारण केले. नदीकाठचे मोहल्ले पाण्याखाली गेले. हजारो घरे जमीनदोस्त झाली आणि सुमारे १५ हजार माणसे प्राणास मुकली, असा अंदाज आहे. शहराचे दोन भाग जोडणाऱ्या पुलांपैकी एकटा जुना पूलच वापरण्याजोगा उरला. अफजलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर सुमारे १५० माणसे चढून बसली आणि केवळ त्या झाडामुळे वाचली. ते झाड शहरातील लोकांनी पुढे मोठ्या ममतेने जपले.

एप्रिल १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या हैदराबादेत आले. शहराची पुन्हा उभारणी कशी करावी, पुन्हा पूर येऊ नये म्हणून काय करावे आणि सांडपाण्याची व्यवस्था कशी असावी, या तीन गोष्टींविषयी त्यांचा सल्ला हवा होता. लोक म्हणत, की हा दैवाचा कोप आहे. विश्वेश्वरय्यांनी दैवाला बोल लावला नाही. त्यांनी पावसाचे आकडे गोळा केले, इतर प्रदेशांतील पर्जन्यमानाशी ते ताडून पाहिले आणि नदीच्या खोऱ्याची पाहणी केली. तेव्हा अनर्थाचे मूळ उघड झाले.

मुसीच्या खोऱ्यात शेतीसाठी बांधलेले ७८८ तलाव होते. म्हणजे दर चौरस मैलास जवळजवळ एक तलाव. ते बहुधा मातीचे बांध घालून केलेले होते. नेहमीच्या पावसात हे तलाव गावोगावच्या शेतांना जीवन देत. परंतु त्या रात्री इतके पाणी आले, की सांडवे अपुरे पडले आणि पाणी बांधांच्या माथ्यावरून वाहू लागले. वरचा एक बांध फुटला, त्याचे पाणी खालच्या तलावात कोसळले. आधीच काठोकाठ भरलेला तो तलावही फुटला आणि दोहोंचे पाणी तिसऱ्यावर जाऊन आदळले. अशा रीतीने २२१ तलाव फुटले. पावसाचे पाणी आणि तलावांचे साठलेले पाणी एकवटून शहरावर चालून आले. जे बांध लोकांच्या कल्याणासाठी घातले होते, त्यांनीच पुराला बळ दिले!

मग उपाय काय करावा? नदीचे काठ भिंतींनी उंच करणे हा एक उपाय होता आणि तोही विश्वेश्वरय्यांनी सुचविला. परंतु तेवढ्याने भागणार नव्हते. एवढा प्रचंड लोंढा शहरात येऊ दिल्यावर त्याला आवरणे कठीण. तो शहराच्या वरच थोपविला पाहिजे, असे त्यांनी ठरविले. त्यासाठी मुसी नदीवर आणि तिला मिळणाऱ्या इसी नदीवर, शहरापासून काही मैल वरच्या अंगास, दोन मोठे जलाशय बांधावेत, अशी योजना त्यांनी आखली. पूर आला म्हणजे त्याचे पाणी जलाशयात शिरावे आणि शहराला सोसेल तेवढेच हळूहळू खाली सोडले जावे, ही त्यातील कल्पना होती.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. तुडुंब भरलेला तलाव पाहून आपणांस आनंद होतो. परंतु पूर झेलणाऱ्या तलावात पुरासाठी जागा मोकळी राहिली पाहिजे. आधीच भरलेल्या घागरीत आणखी पाणी कसे मावेल? पावसाळ्यात जलाशयाचा काही भाग रिता ठेवणे हे वरवर पाहता नुकसानीचे वाटते, विशेषतः ज्या मुलखात पाण्याची टंचाई असते तेथे. तथापि त्या रित्या जागेतच शहराची सुरक्षितता साठविलेली असते.

विश्वेश्वरय्यांनी आपला अहवाल त्याच वर्षी सादर केला. पुढे मुसीवरील उस्मानसागर १९२० साली आणि इसीवरील हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. प्रत्यक्ष बांधकाम इतर अभियंत्यांनी केले. या जलाशयांनी पुराला वेसण घातली, एवढेच नव्हे तर शहराला पिण्याचे पाणीही दिले.

हैदराबादचे काम आटोपल्यावर विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी त्या संस्थानाचे दिवाणपद भूषविले. कावेरीवरील कृष्णराजसागर हे धरण त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष देत उभे आहे. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा बहुमान मिळाला. शंभर वर्षांचे दीर्घ आयुष्य लाभून एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या अखेरच्या दिवसांत महाराष्ट्रावर एक मोठी आपत्ती आली. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेतचे मातीचे धरण, काम पुरते तडीस गेले नसतानाच पाण्याचा भार पडून फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. मुसीच्या पुराने जो धडा दिला होता, तो अशा रीतीने पुन्हा शिकावा लागला.

बांध मातीचा असो वा दगडाचा, लहान असो वा मोठा, त्याच्यावर विसंबून खाली माणसे झोपलेली असतात. म्हणून तो बांधणाऱ्याने आणि सांभाळणाऱ्याने पाण्याचा हिशेब चोख ठेवला पाहिजे. सांडव्याची वाट मोकळी असावी, बांधावर झुडपे वाढू देऊ नयेत, उंदीर-घुशींची बिळे वेळीच बुजवावीत आणि कोठे पाणी झिरपताना दिसले तर ते तत्काळ जाणत्या माणसाच्या कानी घालावे. ही कामे साधी खरी. पण त्यांवर गावांचे आणि नगरांचे प्राण अवलंबून असतात. विश्वेश्वरय्यांनी संकटाला दैव म्हणून सोडून न देता त्याचे कारण शोधले. त्यांच्या चरित्रातून घेण्याजोगा मोठा धडा हाच होय.