माहुआंगच्या काड्या आणि डॉक्टर नागाई

माहुआंग पहिल्यांदा पाहिली तर ती औषधी आहे असं वाटतच नाही. नीट पान नाही, डोळ्यात भरेल असं फूल नाही. नुसत्या हिरव्या, पेरापेरांच्या बारीक काड्या, खराट्याच्या हिरांसारख्या. पण चीनमध्ये शेकडो वर्षं याच काड्या उकळून सर्दी, खोकला आणि दम्यावर देत आले आहेत. शेन्नोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या प्राचीन औषधी ग्रंथातही ती आहे. चीनमधून ती जपानच्या काढ्यांमध्ये गेली. हिमालयात तिची एक बहीण उगवते, तिला आपल्याकडचे वैद्य सोमलता म्हणतात. शास्त्रज्ञांनी या सगळ्या गोतावळ्याला इफेड्रा हे नाव दिलं आहे.

या काड्यांत नेमकं असतं काय, हे ज्यांनी शोधून काढलं ते नागाई नागायोशी. जपानी रीतीप्रमाणे नागाई हे त्यांचं आडनाव.

1840 च्या दशकाच्या मध्यावर जपानमधल्या तोकुशिमा इथे त्यांचा जन्म झाला. वडील तिथल्या सरदार घराण्याचे वैद्य होते. झाडपाल्याची ओळख त्यांना घरातच झाली आणि मुलाने वैद्यकी पुढे चालवायची हे ठरलेलंच होतं. त्यासाठी 1866 मध्ये ते नागासाकीला डच पद्धतीचं वैद्यक शिकायला गेले. तिथे राहिले ते उएनो हिकोमा यांच्याकडे. उएनो हे जपानच्या पहिल्या फोटोग्राफरांपैकी एक. त्या काळी फोटो काढायचा तर लागणारी रसायनं स्वतःच तयार करावी लागत. वैद्यकी शिकायला आलेल्या या तरुणाचं मन तिथेच बाटल्या आणि द्रावणांत गुंतलं.

1871 मध्ये सरकारने निवडक विद्यार्थी परदेशी धाडले, त्यात नागाई होते. बर्लिनला वैद्यक शिकून परत यायचं, असा हुकूम होता. पण तिथे त्यांनी ऑगस्ट हॉफमन या नामवंत रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली आणि वैद्यक मागे पडलं ते कायमचंच. हॉफमन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, मग त्यांचेच सहायक झाले. शिकायला म्हणून गेलेला माणूस जवळपास तेरा वर्षं तिकडेच राहिला. 1884 मध्ये जपानने त्यांना परत बोलावलं. पुढे दोन वर्षांनी जर्मनीच्याच थेरेसे शूमाखर यांच्याशी त्यांनी लग्न केलं.

ते परतले तेव्हाचा जपान बदललेला होता. सरकारने जर्मन वैद्यक स्वीकारलं होतं. डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा पाश्चात्त्य वैद्यकाची झाली होती आणि काढेवाले वैद्य अडगळीत चालले होते. बर्लिनहून आलेल्या माणसाने जुनं सगळं मोडीत काढलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. दुसऱ्या बाजूला, पूर्वजांनी सांगितलंय म्हणून मान डोलावणारेही होतेच. नागाईंनी यातलं काहीच केलं नाही. वडिलांच्या पिढीची औषधं त्यांनी प्रयोगशाळेत आणली आणि गुण येतो तो नेमका कशामुळे, हे तपासायला घेतलं.

1885 मध्ये त्यांनी माहुआंगमधून एक अल्कलॉइड वेगळं केलं. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारं, नायट्रोजन असलेलं आणि शरीरावर जोरदार परिणाम करणारं द्रव्य. चहा-कॉफीतलं कॅफिन याच जातकुळीतलं. नागाईंनी आपल्या द्रव्याला इफेड्रिन हे नाव दिलं.

आता वाटेल, लगेच दम्याच्या रोग्यांचं भलं झालं असेल. तसं काही झालं नाही. इफेड्रिनने डोळ्याची बाहुली मोठी होते हे लक्षात आलं, आणि ते डोळ्यांच्या औषधापुरतंच राहिलं. श्वासनलिका सैल करणारं, हृदयाचा वेग वाढवणारं अॅड्रेनालिन तेव्हा शुद्ध रूपात कुणाच्या हाती आलेलंच नव्हतं. इफेड्रिनही बरंचसं तसंच काम करतं, पण ते ओळखायला तुलना कशाशी करणार? 1920 च्या दशकात पेकिंगमध्ये चेन कोकुई आणि कार्ल श्मिट यांनी माहुआंग पुन्हा तपासली, तेव्हा कोडं सुटलं. अॅड्रेनालिन टोचावं लागतं. इफेड्रिन पोटात घेतलं तरी लागू पडतं आणि जास्त वेळ टिकतं. दम्यासाठी ते जगभर वापरात आलं तेव्हा नागाई सत्तरी ओलांडून गेले होते.

मधल्या काळात ते स्वस्थ बसले नव्हते. जपानच्या औषधनिर्माण परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळलं. मुलींनी रसायनशास्त्र शिकावं हा त्यांचा आग्रह होता आणि 1901 मध्ये सुरू झालेल्या जपान महिला विद्यापीठात ते स्वतः शिकवत. 1913 मध्ये तोहोकू विद्यापीठाने पहिल्यांदाच मुलींना प्रवेश दिला. त्या तिघींपैकी तांगे उमे त्यांची विद्यार्थिनी, तर कुरोदा चिका यांना पुढे जायला त्यांनीच धीर दिला होता. 10 फेब्रुवारी 1929 रोजी नागाई गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1893 मध्ये त्यांनी इफेड्रिनपासून आणखी एक द्रव्य बनवलं होतं. इफेड्रिनच्या रेणूतला फक्त एक ऑक्सिजनचा अणू कमी, बाकी सगळं तेच. तेच मेथॅम्फेटामिन. कित्येक वर्षं त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. मग महायुद्ध आलं. 1941 पासून जपानमध्ये ते फिलोपॉन नावाने विकलं जाऊ लागलं. झोप यायची नाही, थकवा जाणवायचा नाही, म्हणून सैनिकांपासून कारखान्यातल्या कामगारांपर्यंत सगळ्यांना ते मिळे. युद्ध संपलं, साठा बाजारात आला आणि व्यसनाची साथच पसरली. शेवटी 1951 मध्ये जपानला उत्तेजक द्रव्यांविरुद्ध कायदा करावा लागला. नागाईंनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांना दोष द्यावा असंही मला वाटत नाही. पण दम्याचा दिलासा आणि ही वाताहत, दोन्हींची वाट एकाच प्रयोगशाळेतून गेली हे विसरता येत नाही.

झाडपाल्याचंच तर आहे, त्याने काय होणार, असं आपण घरोघरी ऐकतो. अमेरिकेत लोकांनी हाच विचार करून वजन उतरवायला आणि व्यायामाला जोर यावा म्हणून इफेड्राच्या गोळ्या घेतल्या. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू अशा घटना समोर आल्या आणि 2004 मध्ये तिथे अशा पूरक गोळ्यांवर बंदी आली. काड्या त्याच, अल्कलॉइडही तेच. जिममधला मित्र उद्या एखादी नैसर्गिक पावडर पुढे करेल, तेव्हा नागाईंचा प्रश्न त्यालाही विचारून बघा : यात नेमकं आहे काय? आणि त्याला जोडून आपला एक : किती?