कोका-कोलाचा जनक : जॉन पेम्बर्टन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात नॉक्सव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ८ जुलै १८३१ रोजी जॉन स्टिथ पेम्बर्टन याचा जन्म झाला. त्याचे बालपण त्याच राज्यातील रोम या गावी गेले. इटलीतील प्राचीन रोमशी या गावाचे साम्य नावापुरतेच. पुढे जॉन मेकन येथील वैद्यक विद्यालयात शिकू लागला. झाडपाल्याच्या औषधांवर या विद्यालयाचा विशेष भर होता. कोणत्या मुळीचा अर्क कसा काढावा, कोणत्या पानाचा काय गुण, याचे ज्ञान त्याला तेथे मिळाले आणि तेच त्याला जन्मभर पुरले. वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी त्याला व्यवसायाचा परवाना मिळाला.

इ. स. १८५३ मध्ये त्याने क्लिफर्ड लुइस हिच्याशी विवाह केला. पुढच्याच वर्षी त्यांना चार्ल्स हा मुलगा झाला. कोलंबस या नगरात पेम्बर्टनचा औषधांचा व्यवसाय चांगला चालला होता. परंतु इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या मळ्यांवर लक्षावधी निग्रो गुलाम राबत होते, आणि ही गुलामगिरी टिकवण्यासाठीच ती राज्ये संघराज्यातून फुटून निघाली होती. पेम्बर्टन त्यांच्याच बाजूने लढला. आज आपल्याला ती बाजू अन्यायाची होती असेच म्हणावे लागते, आणि त्याचे चरित्र सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा मुख्य सेनापती जनरल ली शरण आला. युद्धाचा निकाल लागल्यासारखाच होता. तरीही त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १६ एप्रिल रोजी, कोलंबस नगरापाशी चकमक झाली. नगराच्या रक्षणासाठी लढणाऱ्या पेम्बर्टनच्या छातीवर तलवारीचा वार बसला. हरलेल्या युद्धाच्या अखेरच्या दिवसांत झालेली ही जखम त्याला फार महाग पडली.

त्या काळी अशा वेदनांवर मॉर्फिन देत असत. मॉर्फिन हे अफूपासून काढलेले औषध आहे. ते वेदना शमवते. पण पुन्हा पुन्हा घेतल्यास शरीराला त्याची चटक लागते आणि मग ते मिळाल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. युद्धातून परतलेल्या हजारो सैनिकांची अशीच गत झाली होती. पेम्बर्टन तर औषधे विकणाराच. ज्या वस्तूपासून त्याने दूर राहावयाचे, ती त्याच्या दुकानात हाताशीच होती. या पाशातून तो कधीच पूर्णपणे सुटला नाही.

असे असूनही त्याने काम सोडले नाही, हे विशेष होय. युद्धानंतर काही वर्षांनी तो अटलांटा या वाढत्या शहरात आला. त्याच्या प्रयोगशाळेत औषधे तयार होत, तसेच शेतजमिनीतील व पिकांतील रसायनांची परीक्षाही होई. औषधविक्रेत्यांची परीक्षा घेऊन त्यांना परवाने देणाऱ्या राज्याच्या पहिल्या मंडळावर तो सहा वर्षे सभासद होता.

मॉर्फिनची सवय मोडेल असे एखादे औषध सापडावे, ही तळमळ त्याला लागली होती. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात कोका नावाचे झुडूप होते. डोंगरांत राहणारे तेथील लोक श्रमपरिहारासाठी त्याची पाने चघळतात. ही पाने मॉर्फिनवर उतारा आहेत, असे त्या काळच्या अनेक वैद्यांना वाटे. युरोपात मारियानी नावाच्या गृहस्थाने कोकाची पाने द्राक्षाच्या मद्यात भिजवून एक पेय काढले होते व ते फार लोकप्रिय झाले होते. त्याच धर्तीवर पेम्बर्टनने इ. स. १८८५ च्या सुमारास फ्रेंच वाइन कोका नावाचे पेय बाजारात आणले. त्यात त्याने पश्चिम आफ्रिकेतील कोला या फळाच्या बियांचा अर्कही घातला. पेय चांगले खपू लागले. पण कोकाच्या पानांत कोकेन असते आणि त्याचेही व्यसन जडते, हे त्याला उमगले नाही. एका विषावर उतारा म्हणून तो दुसरे विष देत होता.

इतक्यात एक नवीच अडचण उभी राहिली. अटलांटाच्या मतदारांनी दारूबंदीच्या बाजूने कौल दिला. १ जुलै १८८६ पासून शहरात मद्य विकता येणार नव्हते. पेम्बर्टनच्या पेयात तर मद्य होतेच! मग त्याने मद्य वगळून नवे पेय करावयास घेतले. मद्य गेल्यावर उरलेले अर्क कडवट लागत. म्हणून साखर घालावी, तर पेय फारच गोड होई. तो गोडवा कमी करण्यासाठी आंबट आम्ल घालावे लागे. शिवाय फळांची सुगंधी तेले. असे मेळ घालता घालता त्याचे महिने गेले. अखेर मनाजोगता पाक तयार झाला.

अटलांटातील जेकब्स यांच्या औषधालयात सोडावॉटरचे यंत्र होते. त्या काळी अमेरिकेत सोडावॉटर औषधाच्या दुकानीच मिळे, कारण ते पचनास हितकर मानीत. आपल्याकडे गोटीच्या बाटलीतला सोडा फसफसतो तो ज्या वायूमुळे, तोच कार्बन डायॉक्साइड वायू या पाण्यात दाबाने भरलेला असतो. हे पाणी पाकात मिसळले की पेय तयार. ८ मे १८८६ रोजी तेथे त्याची विक्री सुरू झाली. एका पेल्याची किंमत ५ सेंट.

पेयाला नाव दिले ते पेम्बर्टनचा हिशेबनीस व भागीदार फ्रँक रॉबिन्सन याने. कोका आणि कोला ही दोन नावे जोडून त्याने कोका-कोला हे नाव बनवले व स्वतःच्या वळणदार अक्षरांत ते लिहून काढले. आजही बाटल्यांवर त्याच वळणाची अक्षरे दिसतात. सुंदर हस्ताक्षराचा असा उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

पहिल्या वर्षी दिवसाला सरासरी नऊ पेले खपले. मिळकतीपेक्षा खर्च अधिक झाला. त्यातच पेम्बर्टनला पोटाच्या कर्करोगाने गाठले. औषधासाठी, घरखर्चासाठी आणि मॉर्फिनसाठी त्याला पैसा हवा होता. त्याने आपल्या पेयातील हक्क तुकड्यातुकड्यांनी विकून टाकले. १६ ऑगस्ट १८८८ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. कोलंबस येथे त्याचे दफन करण्यात आले.

एसा कँडलर हाही औषधविक्रेताच होता. त्याने सर्व हक्क एकत्र केले. त्यासाठी त्याला एकूण २,३०० डॉलर मोजावे लागले. इ. स. १८९२ मध्ये त्याने कंपनी स्थापन केली, आणि इ. स. १९१९ मध्ये ती कंपनी अडीच कोटी डॉलरांना विकली गेली. तत्पूर्वीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, पेयातील कोकेन काढून टाकण्याचे काम सुरू झाले होते.

पेम्बर्टनचा मुलगा चार्ल्स यालाही मॉर्फिनचे व्यसन जडले होते. तो इ. स. १८९४ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आसपास मरण पावला. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे एका मिठाईवाल्याने हे पेय पहिल्यांदा बाटल्यांत भरून विकावयास ठेवले.