हॅरॉल्ड विल्सन : बाजारपेठेचा हिशेब मांडणारा पंतप्रधान

ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा की नाही, यावर २३ जून २०१६ रोजी झालेले सार्वमत जगभर गाजले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन प्रत्यक्ष बाहेर पडला, तरी त्याचे पडसाद उमटतच राहिले. मात्र हाच प्रश्न ब्रिटिश मतदारांना त्याआधी ४१ वर्षे, ५ जून १९७५ रोजी विचारण्यात आला होता आणि त्या वेळी त्यांनी नेमका उलटा कौल दिला होता, याचा अनेकांना विसर पडलेला दिसतो. तो कौल मागणारे पंतप्रधान होते मजूर पक्षाचे हॅरॉल्ड विल्सन. तोंडात पाइप, अंगावर साधा रेनकोट आणि बोलण्यात यॉर्कशायरचा हेल असलेला हा नेता ब्रिटनच्या इतिहासातील पहिल्या देशव्यापी सार्वमताचा कर्ता ठरला.

विल्सन यांचा जन्म ११ मार्च १९१६ रोजी यॉर्कशायरमधील हडर्सफील्ड या कापड गिरण्यांच्या गावी झाला. वडील रसायनतज्ज्ञ, आई शिक्षिका. जागतिक मंदीच्या काळात वडिलांची नोकरी गेली आणि बराच काळ घरात मिळकत नव्हती. बेकारी म्हणजे काय, हे विल्सन यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी अर्थशास्त्रासह पदवी परीक्षेत पहिला वर्ग मिळवला आणि पुढे विल्यम बेव्हरिज यांच्या हाताखाली बेकारी व व्यापारचक्रे यांवर संशोधन केले. दुसऱ्या महायुद्धात ते सरकारी खात्यात संख्याशास्त्राचे काम पाहत होते. आकड्यांशी जडलेले हे नाते अखेरपर्यंत टिकले.

१९४५ मध्ये ते खासदार झाले आणि १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, ॲटली मंत्रिमंडळात व्यापारमंत्री. युद्धकाळापासून चालत आलेली अनेक नियंत्रणे त्यांनी उठवली. त्या काळी ब्रिटनचा व्यापार प्रामुख्याने राष्ट्रकुलाशी जोडलेला होता. न्यूझीलंडचे लोणी, वेस्ट इंडिजची साखर, भारताचा चहा असा तो व्यवहार होता. १९३२ च्या ओटावा करारानुसार साम्राज्यातील देशांना जकातीत सवलत मिळत असे. स्वस्त अन्नधान्य आयात करायचे आणि कारखान्यांचा माल निर्यात करायचा, हे ब्रिटिश अर्थव्यवस्थेचे जुने सूत्र होते. सहा देशांनी १९५७ च्या रोम कराराद्वारे उभारलेली युरोपीय सामायिक बाजारपेठ या सूत्राच्या मुळावर येणार होती. तिच्यात सदस्यांमध्ये जकात नव्हती, परंतु बाहेरच्या मालावर सामायिक जकात होती. शिवाय शेतमालाचे भाव चढे ठेवणारे सामायिक कृषी धोरण पुढे आकाराला आले.

त्यामुळे १९६२ मध्ये पक्षनेते ह्यू गेट्सकेल यांनी सामायिक बाजारपेठेच्या सदस्यत्वाला विरोध केला, तेव्हा विल्सन त्यांच्याच बाजूला होते. जानेवारी १९६३ मध्ये गेट्सकेल यांचे अकाली निधन झाले, विल्सन नेते झाले आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान. भारतीयांना त्यांची त्या काळातील ओळख आहे ती १९६५ मध्ये कच्छच्या रणातील संघर्षात केलेल्या मध्यस्थीमुळे आणि त्याच वर्षीच्या भारत-पाक युद्धात भारताला दोष देणाऱ्या भूमिकेमुळे.

सत्तेवर आल्यावर मात्र आकडे वेगळेच सांगू लागले. राष्ट्रकुलाशी होणारा व्यापार तुलनेने मागे पडत होता आणि पश्चिम युरोप वेगाने पुढे जात होता. पौंडावर सतत दबाव होता. मे १९६७ मध्ये विल्सन यांनी स्वतःच सदस्यत्वासाठी अर्ज केला. नोव्हेंबरमध्ये पौंडाचे मूल्य २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आणावे लागले आणि काही दिवसांतच फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनला दुसऱ्यांदा नकार दिला. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन सामायिक बाजारपेठेत दाखल झाला तो हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या कारकिर्दीत.

विरोधी बाकांवर असलेल्या मजूर पक्षात त्या वेळी उभी फूट होती. टोनी बेन सार्वमताची मागणी करीत होते. विल्सन यांनी आधी ती फेटाळली, पण १९७२ मध्ये स्वीकारली. त्यावरून युरोपवादी रॉय जेन्किन्स यांनी उपनेतेपद सोडले. अटींची फेरवाटाघाटी करू आणि अंतिम निर्णय जनतेवर सोपवू, असे आश्वासन देऊन मजूर पक्ष १९७४ मध्ये पुन्हा सत्तेवर आला. देशहितापेक्षा पक्ष एकसंध ठेवण्यासाठी शोधलेली ही युक्ती आहे, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती निराधार नव्हती.

मार्च १९७५ मध्ये डब्लिनच्या शिखर परिषदेत फेरवाटाघाटी पूर्ण झाल्या. ब्रिटनच्या वर्गणीत दुरुस्तीची तरतूद आणि न्यूझीलंडच्या लोण्याला दिलासा पदरात पडला. परंतु मूळ कराराचा एकही शब्द बदलला नाही. मंत्रिमंडळाने १६ विरुद्ध ७ मतांनी आत राहण्याचा निर्णय घेतला. विल्सन यांनी सामूहिक जबाबदारीचा संकेत तात्पुरता बाजूला ठेवून विरोधी मंत्र्यांना जाहीर प्रचाराची मुभा दिली. बेन, मायकेल फूट, बार्बरा कॅसल, पीटर शोअर असे मातब्बर मंत्री आपल्याच सरकारविरुद्ध व्यासपीठावर उभे राहिले. संसदेत ठराव मंजूर झाला, पण मजूर पक्षाच्याच खासदारांत विरोधकांची संख्या समर्थकांपेक्षा अधिक होती.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांचे मुद्दे हलके नव्हते. ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यावर ब्रुसेल्सचा नियम वरचढ ठरणार असेल, तर मतदाराच्या मताला किंमत काय, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. युरोपचे महाग लोणी आणि मांस गृहिणीच्या माथी का मारायचे, सदस्य देशांबरोबरच्या व्यापारात तूट वाढत असताना फायदा कोणाचा आणि मागास भागांतील उद्योगांना मदत करण्यासाठी परकी आयोगाची संमती का घ्यायची, असेही ते विचारत. डाव्या विचारांच्या बेन यांच्याबरोबर या बाजूला उजव्या विचारांचे इनॉक पॉवेलही होते.

आत राहा म्हणणाऱ्यांचा भर रोजगारावर आणि वस्तुस्थितीवर होता. आधी सामील न होणे वेगळे आणि सामील झाल्यावर सोडणे वेगळे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाहेर पडल्यावरही युरोपला माल विकायचा तर तिथले नियम पाळावेच लागतील, फक्त ते ठरवताना ब्रिटनचा आवाज नसेल. सार्वभौमत्व हातचे राखून ठेवण्याची वस्तू नसून इतरांबरोबर मिळून वापरण्याची शक्ती आहे, ही त्यांची मांडणी होती. १९७४ मध्ये जागतिक बाजारात साखरेचे भाव कडाडल्याने बाहेर सारे स्वस्त मिळते हा समजही डळमळीत झाला होता. फेब्रुवारी १९७५ च्या लोमे करारामुळे आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील अनेक राष्ट्रकुल देशांना युरोपची बाजारपेठ खुली झाली. भारतासह आशियातील देश मात्र त्या करारात नव्हते. जुन्या जकात सवलती टप्प्याटप्प्याने संपत असताना भारताला १९७३ मध्ये केलेल्या स्वतंत्र व्यापार सहकार्य करारावरच भिस्त ठेवावी लागली.

प्रचारात दोन्ही बाजूंना सरकारी तिजोरीतून प्रत्येकी १ लाख २५ हजार पौंड मिळाले. उद्योगजगताच्या देणग्यांमुळे आत राहण्याच्या बाजूचा खर्च मात्र कितीतरी पटींनी अधिक झाला. हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर याही तेव्हा आत राहण्याच्याच बाजूने होत्या. विल्सन स्वतः फारसे आवेशात आले नाहीत. युरोपचे स्वप्न त्यांनी रंगवले नाही. सुधारलेल्या अटींवर सौदा परवडतो, एवढेच सांगितले. महागाईचा दर २० टक्क्यांवर गेलेल्या देशाला तेवढे पटले. ६७.२ टक्के मतदारांनी आत राहण्याचा कौल दिला. शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स ही दोनच क्षेत्रे विरोधात गेली.

कौल मिळताच विल्सन यांनी बेन यांना उद्योग खात्यातून ऊर्जा खात्यात हलवले. मार्च १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच अनपेक्षितपणे पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. पक्षातील शांतता मात्र फार काळ टिकली नाही. १९८१ मध्ये जेन्किन्स आणि त्यांचे सहकारी वेगळा पक्ष काढून बाहेर पडले आणि १९८३ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने थेट सामायिक बाजारपेठ सोडण्याचेच आश्वासन दिले. ती निवडणूक पक्षाने दणक्यात गमावली.

विल्सन यांच्या यशापयशाचे मूल्यमापन येथेच करावे लागते. एका विभागलेल्या देशाला त्यांनी शांततेने निर्णयाप्रत नेले आणि विरोधकांना तो मान्य करायला लावला, हे छोटे काम नव्हते. पण लोकांपुढे त्यांनी ठेवला तो लोण्याचा, वर्गणीचा आणि नोकऱ्यांचा हिशेब. बेन आणि पॉवेल विचारत होते तो सत्ता नेमकी कोणाकडे, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता. हिशेबाच्या बळावर मिळालेली संमती हिशेब बदलला की पातळ होते. पुढे बाजारपेठेचा युरोपीय संघ झाला, त्याचे अधिकार वाढले आणि बाजूला ठेवलेला तो प्रश्न अधिक धारदार होऊन परतला.

मे १९९५ मध्ये विल्सन यांचे निधन झाले. त्यांच्या आवडत्या सिली बेटांवर त्यांचे दफन करण्यात आले. १९७५ मध्ये आत राहण्यासाठी सुमारे १ कोटी ७४ लाख मते पडली होती. २०१६ मध्ये बाहेर पडण्यासाठी पडलेली मतेही सुमारे १ कोटी ७४ लाखच होती. आकडा तोच राहिला, बाजू तेवढी बदलली. आकड्यांवर विश्वास असलेल्या या पंतप्रधानाला हा योगायोग नक्कीच विचारात पाडून गेला असता.