आचार्य धर्मानंद कोसंबी : विद्येसाठी घर सोडलेला विद्यार्थी

स्मरणिकेच्या पानांवर दर वर्षी ज्ञातीतील गुणी मुलामुलींची नावे छापली जातात. परीक्षांत मिळवलेले यश, परदेशातील विद्यापीठात मिळालेला प्रवेश, निरोपसमारंभाचे छायाचित्र हे सर्व पाहून प्रत्येक कुटुंबास आनंद होतो आणि तो योग्यच आहे. परंतु विद्येसाठी देशांतर करण्याची ही वाट आज जितकी रुळलेली आहे, तितकी ती पूर्वी नव्हती. ज्यांच्या गाठीस ना पदवी, ना पैसा, ना इंग्रजी भाषा, असा आपल्यापैकीच एक तरुण सव्वाशे वर्षांपूर्वी गोव्यातील एका खेड्यातून निघाला आणि नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश करीत अखेर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जाऊन पोहोचला. त्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र नव्या पिढीपुढे ठेवावे, या हेतूने आम्ही हा अल्प प्रयत्न करीत आहोत.

धर्मानंदजींचा जन्म गोव्यातील साखवाळ या गावी 9 ऑक्टोबर 1876 रोजी एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. पित्याचे नाव दामोदर. घरी नारळीच्या बागा होत्या, पण संपत्ती म्हणावी अशी नव्हती. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात त्या काळी खेड्यातल्या मुलास मराठीचे शिक्षण मिळणे ही दैवाधीन गोष्ट होती. धर्मानंदजींची शाळा मधूनमधून सुटे, प्रकृतीही बेताची. त्यामुळे त्यांचे रीतसर शिक्षण फारसे झालेच नाही. 1891 साली, त्या काळच्या रीतीस अनुसरून अगदी लहान वयात, त्यांचा विवाह बाळाबाईंशी झाला. पुढे बागायत पाहावी, संसार करावा आणि गावच्या चार माणसांसारखे आयुष्य काढावे, हीच त्यांच्यापुढे वाट दिसत होती.

पण वाचनाचा नाद मोठा विलक्षण असतो. मिळेल ते मराठी पुस्तक आणि हाती येईल ते मासिक हा तरुण वाचून काढी. 1897 च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात भगवान बुद्धांच्या चरित्रावरील लेख त्यांच्या वाचनात आला. लेख लहान होता, मुलांसाठी लिहिलेला होता. पण वाचणाऱ्याच्या मनात त्याने घर केले. बुद्धांचा धर्म मुळातून जाणून घ्यावा, त्यासाठी लागेल ते कष्ट सोसावे आणि ते ज्ञान आपल्या भाषेत आणावे, असा निश्चय त्यांच्या मनाने घेतला. हा निश्चय किती अवघड होता, हे आज सहज ध्यानात येणार नाही. बौद्ध धर्माचे मूळ ग्रंथ पाली भाषेत. ती भाषा शिकविणारा मनुष्य गोव्यात तर नव्हताच, महाराष्ट्रातही मिळणे दुर्घट होते. ज्या भूमीत बुद्धांनी उपदेश केला, त्या भूमीतच त्यांचे वचन वाचता येणारे लोक उरले नव्हते. भारतात जन्मलेली विद्या शिकण्यासाठी भारतीय विद्यार्थ्यास समुद्र ओलांडावा लागावा, अशी ती विपरीत स्थिती होती.

त्यापूर्वीही घराबाहेर पडण्याचे त्यांचे प्रयत्न झाले होते. ते सिद्धीस गेले नाहीत. 1899 साल सरता सरता मात्र त्यांनी घर सोडले ते सोडलेच. त्याच वर्षी त्यांना पहिली कन्या झाली होती. तिचे नाव माणिक. तान्ही मुलगी आणि तरुण पत्नी यांना मागे ठेवून हा विद्यार्थी पुण्यास आला.

येथे क्षणभर थांबणे आम्हास आवश्यक वाटते. थोरांच्या चरित्रात गृहत्यागाचा प्रसंग आला, की लेखक त्यागाची स्तुती करून झटकन पुढे जातात. परंतु त्यागाचा भार केवळ निघून जाणाऱ्यावर नसतो. पुढील सुमारे सात वर्षे बाळाबाईंनी पतीवाचून काढली. पती जिवंत असून घरी नाही, परत येईल की नाही याचा भरवसा नाही, अशा स्त्रीची त्या काळच्या समाजात काय अवस्था होत असेल, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. ज्या विद्येचा आज आपण अभिमान सांगतो, तिची किंमत या माउलीनेही मोजली आहे. धर्मानंदजींनी पुढे 1924 साली ‘निवेदन’ या नावाने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात स्वतःचे दोष झाकण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणास शोभेसेच झाले.

पुण्यास त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा आधार मिळाला. भांडारकरांसारख्या जगन्मान्य पंडिताने, ओळखपाळख नसलेल्या खेडवळ तरुणाची जिज्ञासा ओळखून त्यास मार्ग दाखवावा, ही गोष्ट ज्ञातीतील प्रतिष्ठितांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाली शिकावयाची तर संस्कृताचा पाया हवा; म्हणून धर्मानंदजी ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे गंगाधरशास्त्री यांच्या पाठशाळेत अध्ययन, अन्नछत्रात भोजन आणि मिळेल तेथे निवारा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. उपास, आजार, अपमान ही सर्व त्या विद्यार्थिदशेची नित्याची सोबत होती.

काशीहून 1902 साली ते नेपाळात गेले. बुद्धांचा धर्म तेथे अद्याप जिवंत आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्ष पाहता, ज्याच्या शोधार्थ आपण आलो ते येथे नाही, असे त्यांस आढळले आणि त्यांची मोठी निराशा झाली. पण खरा विद्यार्थी निराशेने परतत नाही. तो फक्त वाट बदलतो. बुद्धगयेस आल्यावर सिंहलद्वीपास जाण्याची दिशा त्यांना मिळाली. कलकत्त्याच्या महाबोधि सभेचे साह्य घेऊन ते दक्षिणेस निघाले आणि समुद्र ओलांडून कोलंबोस पोहोचले.

समुद्रगमन केल्यास प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे, यावर त्या काळी ज्ञातीज्ञातींत वाद माजत, पंक्तिभेद होत, हे वृद्ध मंडळींनी आपल्या वडिलांकडून ऐकले असेल. धर्मानंदजी समुद्र तर ओलांडून गेलेच. पण 1902 साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्यांनी श्रमणेरदीक्षाही घेतली. हे विद्यालय सुमंगल महास्थविरांनी 1873 साली स्थापन केले होते आणि बौद्ध विद्येचे पीठ म्हणून त्याची कीर्ती दूरवर पसरली होती. तेथे सुमंगलाचार्यांच्या चरणी बसून धर्मानंदजींनी पालीचा अभ्यास आरंभिला. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात तेथील लिपीत. त्यामुळे ग्रंथ उघडण्यापूर्वी अक्षरओळखीपासून आरंभ करणे भाग होते. पंचविशी ओलांडलेला हा विद्यार्थी पुन्हा मुळाक्षरे गिरवू लागला. तेथील अन्नपाणी त्यांच्या प्रकृतीस मानवले नाही, तरी अभ्यास सुटला नाही. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी तेथील लिपीतील ग्रंथांचे अध्ययन केले आणि ध्यानमार्गाचाही अनुभव घेतला. नंतर बुद्धांच्या चरित्राशी निगडित अशी उत्तरेकडील स्थाने त्यांनी भिक्षुवेषात हिंडून पाहिली.

1906 साली ते कलकत्त्यास आले. वंगभंगाच्या चळवळीने तेव्हा तेथील वातावरण भारलेले होते. नव्याने निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. मिळविलेली विद्या लोकांस द्यावयाची तर लोकांत राहिले पाहिजे, म्हणून त्यांनी भिक्षुवेष उतरविला, गोव्यास जाऊन कुटुंबाची भेट घेतली आणि मोडलेला संसार पुन्हा उभा केला. 31 जुलै 1907 रोजी त्यांना पुत्र झाला. तेच पुढे गणितज्ञ व इतिहाससंशोधक म्हणून विख्यात झालेले प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी होत.

कलकत्त्यास सर आशुतोष मुखर्जी यांच्यासारखा गुणज्ञ पाठीराखा होता, मान होता, वेतन वाढण्याची आशाही होती. पण धर्मानंदजींचे मन महाराष्ट्राकडे ओढ घेत होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले. अट एवढीच, की त्यांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि ग्रंथलेखन करावे. कलकत्त्याच्या मानाने ही रक्कम फारच थोडी. तरी तीच त्यांनी पत्करली. आपण जे शिकलो ते आपल्या भाषेत आणावयाचे, हा घर सोडतानाचा निश्चय ते विसरले नव्हते.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील प्रा. जेम्स वूड्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या थोर पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम तेथे अपुरे पडले होते. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने ते आरंभिले होते आणि 1899 साली, म्हणजे धर्मानंदजींनी घर सोडले त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले होते. हे काम पुरे करण्यासाठी धर्मानंदजी 1910 साली इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेले. इंग्रजी त्यांनी मोठेपणी, बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने साध्य केली होती. ज्यास कोणत्याही विद्यापीठाची पदवी नाही, असा गोव्याचा मनुष्य हार्वर्डच्या पंडितांसमवेत हस्तलिखिते ताडून पाहू लागला.

तेथेही कसोटी सुटली नाही. ग्रंथावर नाव कोणाचे व कशा रीतीने असावे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. श्रमाचे योग्य श्रेय मिळणार नसेल, तर काम सोडून परतणे त्यांना श्रेयस्कर वाटले आणि 1912 साली ते स्वदेशी आले. पण राग धरून ते विद्येस अंतरले नाहीत. 1918 ते 1922, 1926–27 आणि 1931–32 असे आणखी तीन वेळा ते हार्वर्डला गेले व आरंभिलेले संपादन त्यांनी पुरे केले. हार्वर्डच्या ग्रंथमालेत ते 1950 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, वॉरन आणि कोसंबी अशा दोघांच्या नावांनी प्रसिद्ध झाले. त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मात्र त्यांच्या हयातीतच, 1940 साली, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली होती.

1918 च्या प्रवासातील एक गोष्ट आमच्या मनास विशेष स्पर्श करून जाते. त्या वेळी धर्मानंदजींनी माणिक व दामोदर या दोन्ही मुलांना बरोबर नेले. ज्या कन्येस तान्ही असताना सोडून ते विद्येसाठी निघाले होते, तीच आता वडिलांचे बोट धरून विद्येसाठी समुद्रापार निघाली आणि अमेरिकेतील रॅडक्लिफ महाविद्यालयात तिने उच्च शिक्षण घेतले. दामोदरपंतांचे शालेय शिक्षण तेथेच झाले आणि 1929 साली ते हार्वर्डचे पदवीधर झाले. मुलीची विद्या मुलाच्या विद्येइतकीच मोलाची मानणारा हा पिता होता. मात्र या वेळीही बाळाबाई धाकट्या मुलींसह मागेच राहिल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मधल्या काळात, 1912 ते 1918 पर्यंत, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंदजींनी पाली शिकविली. डॉ. पु. वि. बापट व प्रा. ना. के. भागवत यांसारखे पालीचे विद्वान त्यांच्या शिष्यवर्गातून पुढे आले. सिंहलद्वीपास गेल्यावाचून जी विद्या मिळत नव्हती, ती आता पुण्यास बसून मिळू लागली. आमच्या मते धर्मानंदजींच्या परदेशगमनाचे सर्वांत मोठे फळ हेच होय. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘भगवान बुद्ध’ इत्यादी ग्रंथांच्या द्वारे त्यांनी बुद्धांचे चरित्र व शिकवण सोप्या मराठीत सामान्य वाचकांच्या हाती दिली.

पुढे महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, 1929 साली रशियात लेनिनग्राड येथे काही काळ वास्तव्य केले आणि 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन कारावासही भोगला. 1937 साली मुंबईत परळ येथे कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. आयुष्याच्या अखेरीस, शरीर थकल्यावर, इतरांस भार होऊन राहू नये, या विचाराने त्यांनी अन्नत्याग केला आणि 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे शांतपणे देह ठेवला.

वाचकहो, धर्मानंदजी आपले म्हणून अभिमान बाळगताना एक सत्य आपण विसरता कामा नये. ज्ञातीच्या मर्यादा ओलांडल्या म्हणूनच ते एवढे मोठे झाले. जन्माने ते आपल्यात आले. पण कर्माने ते सर्वांचे झाले. केवळ ज्ञातीचे भूषण एवढेच म्हणून त्यांचे स्मरण केले, तर ते त्यांस रुचले नसते, असे आम्हास वाटते.

आज आपल्या घराघरांतून मुलेमुली विमानाने परदेशी जातात. त्यांना निरोप देताना पदवी कोणती आणि वेतन किती, हे प्रश्न आपण सहज विचारतो. त्यांजबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे : बाळ, परत येशील तेव्हा, अथवा तेथेच राहिलास तरी, आपल्या लोकांसाठी तू काय आणशील? आणि घरी मागे राहिलेल्या वृद्ध मातापित्यांची, पत्नीची, लेकरांची विचारपूस ही केवळ त्या कुटुंबाची खासगी बाब न समजता ज्ञातीने आपले कर्तव्य मानावे. शिष्यवृत्तीचा धनादेश देऊन हे कर्तव्य संपत नाही. साखवाळच्या त्या विद्यार्थ्याचे ऋण फेडावयाचे, तर बाळाबाईंचेही ऋण आपल्या माथी आहे, याचे स्मरण ठेवून आम्ही त्या उभयतांस नम्र अभिवादन करतो.