सरबताचा तोल सांगणारा राजा : चालुक्य सम्राट तिसरा सोमेश्वर

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीत बसवकल्याण आहे. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. ११२६ मध्ये इथे तिसरा सोमेश्वर गादीवर आला. त्याचे वडील सहावे विक्रमादित्य यांनी पन्नास वर्षं राज्य केलं होतं. मुलाचा ओढा मात्र विद्येकडे होता. त्याला 'सर्वज्ञ' ही पदवी होती.

११२९ च्या सुमारास त्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. त्याच्या शंभर अध्यायांत राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सारं आहे. कांडताना ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकाही त्यात भेटतात.

त्यातलं एक पानक, म्हणजे सरबत, पाहण्यासारखं आहे. तापवलेलं दूध आंबट रसाने फाडायचं. वरच्या निवळ पाण्यात साखर, वेलची घालायची. मग भाजलेल्या चिंचेच्या पुडीतून ते स्वच्छ होईपर्यंत पुन्हापुन्हा गाळायचं. आंबटाला गोडाची जोड आणि वर सुवास! आज घरी कॉकटेल किंवा मॉकटेल चाखत जमवताना हाच तोल साधावा लागतो. फार आंबट झालं तर साखर, फार गोड झालं तर लिंबू.

११३८ मध्ये सोमेश्वराची कारकीर्द संपली. त्याच शतकाच्या अखेरीस चालुक्यांचं राज्यही लयाला गेलं. ग्रंथ मात्र टिकला.