सापडलेल्या खुर्च्या, घडवलेले घर



घरात लग्न ठरले किंवा नवीन जागेचा ताबा मिळाला की लगेच फर्निचरचा विषय निघतो. कपाट कुठून घ्यायचे, सोफा कसा हवा, हप्ता किती बसेल, ह्यावर रात्र रात्र बोलणी होतात. आजीची खुर्ची आणि जुना पलंग भंगारवाल्याकडे जातो. खोली भरते, पण त्या खोलीत एकत्र बसायला सवड कुणालाच नसते. म्हणून ह्या रविवारी एका कलावंताची जीवनकथा सांगावीशी वाटते. त्याने आणि त्याच्या पत्नीने मिळतील त्या जुन्या वस्तू गोळा करून, काही स्वतः आखून, काही गावच्या सुताराकडून करून घेऊन आपले घर सजवले आणि त्याच घरात मुले वाढवली. स्वीडनचा चित्रकार कार्ल लार्सन हे त्याचे नाव.

घर नसलेला मुलगा

कार्लचा जन्म २८ मे १८५३ रोजी स्टॉकहोम शहराच्या जुन्या भागात झाला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. वडील पडेल ते काम करीत. काम टिकत नसे आणि दारू सुटत नसे. आई लोकांचे कपडे धुऊन मुलांच्या तोंडी घास घाली. बिऱ्हाड एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिले. दाटीवाटी, भूक आणि रोगराई कार्लने लहानपणीच पाहिली. एकदा तर बापाने मुलाच्या जन्मदिवसालाच शाप दिला. ही जखम कार्लच्या मनातून कधी गेली नाही. उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने ती मांडून ठेवली आहे.

गरिबांच्या शाळेतील एका शिक्षकाने मात्र ह्या मुलाच्या हातातील गुण ओळखला. त्याच्या आग्रहामुळे वयाच्या १३ व्या वर्षी कार्लला स्टॉकहोमच्या राजेशाही कला अकादमीच्या प्राथमिक वर्गात प्रवेश मिळाला. पुढे तो विनोदी साप्ताहिकासाठी व्यंगचित्रे आणि वर्तमानपत्रांसाठी रेखाचित्रे काढू लागला. त्या मिळकतीतून तो आईवडिलांनाही पैसे देत असे. ज्या बापाने शाप दिला, त्यालाही ह्या मुलाने उपाशी ठेवले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८७७ मध्ये तो पॅरिसला गेला. मोठी तैलचित्रे काढून नाव कमवायचे अशी त्याची जिद्द होती. काही वर्षे घाम गाळूनही यश आले नाही. मनाने तो पार खचला.

ग्रे गावातील भेट

१८८२ मध्ये कार्ल पॅरिसजवळच्या ग्रे-स्यूर-ल्वॅं ह्या खेड्यात राहायला गेला. तिथे उत्तर युरोपातून आलेल्या चित्रकारांची एक वसाहतच होती. तिथेच त्याची कारिन बेर्गो हिच्याशी भेट झाली. तीही चित्रकार होती. १८५९ मध्ये जन्मलेली, व्यापाऱ्याच्या सुखवस्तू घरातील ही मुलगी स्टॉकहोमच्या अकादमीतूनच शिकून आली होती. १८८३ मध्ये दोघांचे लग्न झाले. ग्रे गावातच कार्लने तैलरंग बाजूला ठेवून जलरंग हाती घेतले आणि त्याच्या चित्रांत प्रथमच ऊन आले.

१८८४ मध्ये सुझान ही पहिली मुलगी जन्मली. तिच्या पाठीवर उल्फ, पोंटस, लिस्बेट, ब्रिटा, मात्स, केर्स्टी आणि एस्ब्यर्न. अशी एकूण आठ मुले. त्यांपैकी मात्स हा १८९४ मध्ये जन्मला आणि दोन महिन्यांचा असतानाच गेला.

मुलाबाळांच्या रगाड्यात कारिनने हळूहळू कुंचला खाली ठेवला. एका गुणी चित्रकर्तीला असे थांबावे लागले, ह्याची खंत आज आपल्याला वाटते आणि वाटायलाही हवी. परंतु तिची कला संपली नाही. ती कापडात, लाकडात आणि लोकरीत उतरली.

सुंडबोर्नचे लाकडी घर

१८८८ मध्ये कारिनच्या वडिलांनी ह्या जोडप्याला एक लहानसे घर दिले. डालार्ना प्रांतात, फालुन शहराजवळ, सुंडबोर्न गावी नदीकाठी ते उभे होते. बेर्गो घराण्यातील दोन वयस्क स्त्रिया पूर्वी तिथे राहत असत. घराचे नाव लिला हित्नेस. ओंडक्यांचे, साधे, फारसे कुणाच्या नजरेत न भरणारे घर होते ते. सुरुवातीला हे कुटुंब केवळ उन्हाळ्यात तिथे जाई. १९०१ पासून ते तिथे कायमचे राहू लागले.

त्या काळी युरोपातील सुखवस्तू घरे म्हणजे गडद भिंती, जाड मखमली पडदे आणि जड, कोरीव फर्निचर. बैठकीची खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. मुलांना तिथे मज्जाव. लार्सन दांपत्याने ह्याच्या नेमके उलट केले. शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीच्या, फॅशनमधून गेलेल्या जुन्या खुर्च्या त्यांनी घेतल्या, त्यांना पांढरा रंग दिला आणि त्यांवर पट्ट्यापट्ट्यांच्या साध्या कापडाची आच्छादने घातली. बैठकीच्या खोलीतील जड पडदे गेले आणि खिडकीत फुलझाडांच्या कुंड्या आल्या. जेवणाच्या खोलीला त्यांनी ठसठशीत लाल आणि हिरवा रंग दिला. शेतकऱ्यांच्या घरातील जुन्या वस्तूंना आपल्या घरात मानाची जागा दिली. कार्लने दारांवर आणि भिंतींवर मुलांची चित्रे काढली, वेलबुट्टी रंगवली.

जे सापडले नाही ते त्यांनी घडवले. ह्यात पुढाकार कारिनचा होता. ती फर्निचरची रेखाटने करी आणि गावचा सुतार ते बनवी. कुंड्या ठेवण्यासाठी तिने लाकडी मांडणी आखली. १९०६ मध्ये तिने आखलेली झुलती खुर्ची इतकी साधी आणि सरळ रेषांची आहे की ती त्या काळातली आहे हे आजच्या माणसाला सांगावे लागते. मागावर बसून ती टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, पडदे विणी. जेवणाच्या खोलीतील बाकासाठी तिने १९०३ मध्ये पृथ्वी, आप, तेज आणि वायू ह्या चार तत्त्वांवर एक विणकाम केले. मुलांचे कपडे आणि स्वतःचे सैलसर झगेही तिने आखले. घरकाम करणाऱ्या बाईला हातपाय मोकळे हलवता यावेत असे ते होते.

मुले वाढली, तशी घरालाही नवी खोली जोडावी लागे. कार्लसाठी मोठा स्टुडिओ बांधल्यावर जुना स्टुडिओ बायकामुलांच्या कामाची खोली झाला. तिथे कारिनचा माग असे आणि मुलांची खुडबूड चाले.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात ॲरिस्टॉटलची चार कारणे शिकावी लागतात. कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर ती कशाची केली आहे, तिचा आकार कोणता, ती कोणी केली आणि ती कशासाठी केली, असे चार प्रश्न विचारावेत असे हा विचारवंत सांगतो. दुकानात आपण लाकूड कोणते आणि डिझाइन कोणते हे दोन प्रश्न विचारतो, त्यात किमतीचा तिसरा घालतो, आणि तिथेच थांबतो. कार्ल आणि कारिनच्या घरातील प्रत्येक खुर्चीला उरलेल्या दोन प्रश्नांचीही उत्तरे होती. कोणी केली, हे मुलांना ठाऊक होते, कारण ती होताना त्यांनी पाहिली होती. कशासाठी केली, हे तर विचारायलाच नको, त्यांच्याचसाठी.

पावसाने दिलेले काम

१८९४ चा उन्हाळा पावसात गेला. बाहेर जाऊन चित्र काढता येईना. कार्ल कंटाळून घरात येरझारा घालू लागला. तेव्हा कारिनने त्याला सुचवले, की बाहेरचे राहू दे, आपले घरच काढ. त्याने ते ऐकले आणि त्यातून त्याची जलरंगांतील सर्वांत गाजलेली मालिका जन्माला आली. शिक्षा म्हणून जेवणाच्या टेबलावरून उठवलेला मुलगा बैठकीच्या खोलीत खुर्चीवर फुगून बसला आहे. खिडकीतील कुंड्यांना कुणी पाणी घालत आहे. मोठ्या भूर्जवृक्षाखाली लांब टेबल मांडून सगळे घर न्याहारीला बसले आहे. एवढेच त्या चित्रांचे विषय.

१८९९ मध्ये ही २४ चित्रे ‘एक घर’ ह्या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात निघाली. आपले वैभव मिरवण्यासाठी नव्हे, तर लोकांची अभिरुची आणि कुटुंबजीवन सुधारावे ह्या हेतूने आपण हे प्रसिद्ध करीत आहोत, असे कार्लने त्यात स्पष्ट केले. १९०९ मध्ये जर्मन भाषेत निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या ४०,००० प्रती तीन महिन्यांत संपल्या. दिमाखाने भरलेल्या दिवाणखान्यांचे लोक एका लाकडी घरातील मुलांचा पसारा डोळे भरून पाहत होते.

उन्हामागची सावली

ही चित्रे पाहून वाटते, की ह्या घरात दुःख शिरलेच नसावे. तसे नव्हते. १९०५ मध्ये थोरला मुलगा उल्फ वयाच्या १८ व्या वर्षी वारला. कार्ललाही निराशेचे झटके येत. बालपणीचा अंधार अधूनमधून परत येई. तो चित्रात फक्त ऊन का रंगवी, ह्याचे उत्तर कदाचित इथेच आहे. घर कसे असू नये हे ज्याने पाहिले, त्याने घर कसे असावे हे आयुष्यभर काढले. आणि अशा दिवसांत घर चालते ठेवणारी, त्याच्या चित्रांवर त्याला परखड मत देणारी कारिनच होती.

म्हातारपणी त्याला आणखी एक घाव बसला. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात त्याने पूर्वी भित्तिचित्रे केली होती. तिथल्या जिन्याच्या दालनातील उरलेल्या भिंतीसाठी त्याने एक प्रचंड चित्र रंगवले. दुष्काळ टळावा म्हणून प्रजेसाठी बळी जाणारा प्राचीन राजा हा त्याचा विषय. १९१५ मध्ये ते पूर्ण झाले. रुंदी १३ मीटरहून अधिक आणि उंची ६ मीटरहून अधिक. बराच वाद झाला आणि संग्रहालयाने ते नाकारले. ज्या चित्राला तो आपले मोठे काम मानत होता, तेच परत आले. ह्या नकाराने आपण मोडून पडलो, असे त्याने लिहून ठेवले. परंतु त्याच आठवणींत त्याने आणखी एक गोष्ट कबूल केली. आपली बायको, मुले आणि घर ह्यांची चित्रे हाच आपल्या कामाचा सर्वांत जिवंत आणि टिकणारा भाग ठरला, हे त्याला शेवटी उमगले होते.

२२ जानेवारी १९१९ रोजी फालुन येथे कार्लचे निधन झाले. कारिन १९२८ मध्ये गेली.

पुढे १९९७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. नाकारलेले ते चित्र, जे मधल्या काळात जपानमधील एका संग्राहकाकडे गेले होते, ते त्याच राष्ट्रीय संग्रहालयाने विकत घेतले आणि ज्या भिंतीसाठी काढले होते त्याच भिंतीवर लावले. आणि त्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयाने कार्ल आणि कारिन ह्या दोघांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. इतकी वर्षे नवऱ्याच्या चित्रांत केवळ दिसणारी कारिनची खुर्ची, तिचे विणकाम, तिचे पडदे आता तिच्या स्वतःच्या नावाने लोकांसमोर आले. आज स्वीडिश पद्धत म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या उजळ, सुटसुटीत खोल्यांचे मूळ अनेकजण ह्याच घरात शोधतात.

सुंडबोर्नचे ते घर अजून उभे आहे. त्यांच्या वंशजांनी ते जपले आहे आणि लोक ते पाहायला जातात. रंगवलेल्या खुर्च्या, विणलेले पडदे, दारावरची मुले, सगळे जागच्या जागी आहे.

आपल्यापैकी सगळ्यांना चित्र काढता येणार नाही किंवा माग चालवता येणार नाही. पण ह्या सुट्टीत एक करून पाहता येईल. माळ्यावर किंवा पडवीत पडलेली एखादी मोडकी खुर्ची, बाकडे किंवा पाट खाली काढा. मुलांच्या हाती पॉलिशपेपर द्या, ढिल्या झालेल्या सांध्यात खिळा मारायला आजोबांना बोलवा, रंग कोणता द्यायचा ह्यावर घरात थोडे भांडणही होऊ द्या. एखाद्या शनिवारच्या संध्याकाळचे हे काम आहे. खुर्ची कदाचित थोडी डुगडुगेल. पण ती कोणी केली आणि कशासाठी केली, हे तुमच्या मुलांना आयुष्यभर आठवेल.